त्यालाच बोलू द्या

१७२९ साली डब्लिनमध्ये एक पातळ पत्रक विकायला आलं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. आयर्लंडातल्या गरिबांची मुलं आईबापांना आणि देशाला ओझं होऊ नयेत, त्यांचा समाजाला काही उपयोग व्हावा, यासाठी एक नम्र सूचना, असा मथळ्याचा आशय. सुरुवात कळवळ्याची आहे. रस्त्यावर भीक मागणाऱ्या बाया, त्यांच्यामागे फाटक्या कपड्यांतली तीन, चार, सहा पोरं, हे बघून लिहिणाऱ्याचं मन दुखतं. मग तो हिशेबाला बसतो. देशाची लोकसंख्या १५ लाख. मूल होऊ शकेल अशी जोडपी २ लाख. त्यांतली ३० हजार आपली मुलं पोसू शकतात, ती वजा. राहिली १ लाख ७० हजार. गर्भपात, आजार, अपघात यांचे ५० हजार वजा. म्हणजे दरसाल गरिबाघरी जन्मणारी मुलं १ लाख २० हजार. यांतली २० हजार पुढच्या पैदाशीला राखून ठेवावीत आणि उरलेली १ लाख, वर्षाची झाली की, बड्या लोकांच्या जेवणासाठी विकावीत. वर्षभर पोसायचा खर्च २ शिलिंग, भाव १० शिलिंग, आईला नफा ८ शिलिंग. कातड्याचे बायकांसाठी हातमोजे होतील, पुरुषांसाठी उन्हाळी बूट.

ही सूचना मांडणारा माणूस कुठेही आवाज चढवत नाही. तो सभ्य आहे, शिकलेला आहे, देशाचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. शेवटी तो हेही सांगून टाकतो, की यात माझा काडीचा स्वार्थ नाही. माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं, बायकोचं मूल होण्याचं वय उलटलेलं, तेव्हा मला यातून एक पैही मिळायची नाही.

पत्रक जोनाथन स्विफ्टचं. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा तो डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्माधिकारी होता. माणसांची आकडेमोड करून गरिबीवर उपाय सुचवणारी पत्रकं त्या काळात निघत असत. स्विफ्टने त्यांचा आवाज जसाच्या तसा उचलला, त्यांचीच वजाबाकी वापरली आणि त्या वजाबाकीला तिच्या शेवटापर्यंत जाऊ दिलं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी आम्ही काहीजण एकत्र बसून मोठ्याने वाचतो. कुणी निवृत्त आहे, कुणी दिवसभर मुलांमागे धावून दमलेली आई आहे, दोन-तीन कॉलेजची मुलं आहेत. हे पत्रक मी जमेल तसं मराठीत आणलं आणि तिथे वाचलं. सीएचा अभ्यास करणारा एक मुलगा मोबाईलवर आकडे टाकत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काका, हिशेब तंतोतंत बरोबर आहे." त्याचा चेहरा उतरला होता. त्याला कुठेतरी चूक सापडायला हवी होती. चूक सापडली असती तर सुटका झाली असती.

अभिजात साहित्यातला उपरोध वाचताना मला ही रीत पुन्हा पुन्हा दिसते, आणि दर वेळी तिचा धाक वाटतो. ज्याच्यावर वार करायचा, त्यालाच बोलू द्यायचं. मध्ये तोडायचं नाही. त्याच्या बोलण्याला वेडंवाकडं करायचं नाही. त्याच्या तर्काला पूर्ण वाव द्यायचा, त्याला त्याची सभ्यता, त्याचं शिक्षण, त्याची देशभक्ती सगळं घेऊन मंचावर उभं करायचं आणि आपण विंगेत जायचं. शिव्या द्यायला राग पुरतो. हे करायला राग गिळून, त्या माणसाच्या डोक्यात शिरून, त्याची वाक्यं आतून तयार करावी लागतात. माझ्या मते साहित्यातलं हे सर्वात अवघड काम आहे.

स्विफ्टचा स्वतःचा श्वास त्या पत्रकात दोन ठिकाणी ऐकू येतो. एका जागी तो माणूस म्हणतो, की हे अन्न जरा महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांना शोभेल. आईबापांना त्यांनी आधीच खाल्लेलं आहे, तेव्हा मुलांवरही पहिला हक्क त्यांचाच. दुसरी जागा शेवटाकडे आहे. परदेशात राहून आयर्लंडचं भाडं खाणाऱ्या मालकांवर कर लावा, आपल्याच देशात बनलेलं कापड वापरा, जमीनदारांना कुळांविषयी थोडी तरी दया शिकवा, असले इतर उपाय कुणी मला सांगू नयेत, असं तो बजावतो. हे सगळे उपाय स्विफ्टने स्वतः आधीच्या वर्षांत खरोखर सुचवले होते आणि कुणी ऐकलं नव्हतं. ती यादी वाचताना आमच्याकडची एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे साधं सांगून झालं होतं." हो. साधं सांगून झालं होतं.

स्विफ्टच्या थडग्यावर त्याने स्वतःच लिहून ठेवलेला लॅटिन मजकूर आहे. त्यात म्हटलंय, की आता रानटी संताप त्याच्या काळजाचे लचके तोडू शकणार नाही. थंड हिशेबाच्या त्या पत्रकामागे हे काळीज होतं. आपली मालमत्ता त्याने मनोरुग्णांचं इस्पितळ उभारायला ठेवली, आणि ते इस्पितळ पुढे उभं राहिलं.

आपल्याकडे तर ही रीत घरोघरी गायली गेली आहे. एकनाथांचं भारूड घ्या. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.' आमच्या बैठकीतल्या एका आजींना ते अख्खं पाठ आहे. त्या पुस्तकाकडे न बघता, डोळे मिटून, हातांनी ताल धरून म्हणतात. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. बाई देवीशी सौदा करते आहे, आणि मोबदला काय, तर एक रोडगा. यात नाथ कुठेही मध्ये पडत नाहीत. नवस बोलणाऱ्या माणसाच्या मनात जे असतं, ते त्यांनी त्याच्याच तोंडून, त्याच्याच चालीत, न लाजता बोलायला लावलं. तुकोबांनी हीच गोष्ट सरळ उभं राहून विचारली: 'नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती?' तो घाव वेगळा. तिथे बोलणारा समोर आहे, त्याला उलट उत्तर देता येतं. नाथांच्या बाईला उत्तर कोण देणार? ती तर आपल्यातलीच आहे.

आणि मग शेवटची ओळ येते. 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला.' इथे भारूड फिरतं. सासू, जाऊ, नणंद ही सगळी मनाला चिकटलेली माया होऊन जाते, आणि मघाशी ज्या बाईला आपण हसत होतो तिची मागणी मुमुक्षूची होते. आजी ही ओळ म्हणताना आवाज खाली आणतात. त्यांना कुणी अर्थ शिकवलेला नाही. सासुरवास त्यांनी सोसलाय आणि परमार्थही केलाय, त्यामुळे दोन्ही अर्थ त्यांच्या आवाजात एकाच वेळी असतात. नाथांचा उपरोध त्या बाईला खाली टाकून जात नाही, तिला हात धरून वर घेतो. हे मला स्विफ्टमध्ये सापडत नाही.

नाथांचाच 'हिंदु-तुर्क संवाद' आहे. सोळाव्या शतकात, पैठणसारख्या गावात राहून त्यांनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि दोघांनाही एकमेकांच्या धर्मावर मनसोक्त बोलू दिलं. देव सगळीकडे आहे तर पश्चिमेकडेच तोंड का करता, हा एकाचा प्रश्न. दगडात देव कसा, हा दुसऱ्याचा. कुणाची बाजू दुबळी केलेली नाही. भांडून भांडून दोघेही दमतात आणि शेवट मैत्रीत होतो. आज हे पान उघडून चारचौघांत वाचायचं म्हटलं तर वाचणाऱ्याला आधी आजूबाजूला बघावं लागेल, याचं मला खरंच दुःख होतं.

आणखी मागे जायचं तर सातव्या शतकातला पल्लव राजा महेंद्रवर्मा. कांची ही त्याची राजधानी आणि 'मत्तविलास' हे त्याचं संस्कृत प्रहसन. एका कापालिकाची कवटी हरवते. तीच त्याचं भिक्षापात्र. ती एका बौद्ध भिक्षूने चोरली असा तो आळ घेतो, आणि शेवटी कळतं की कवटी कुत्र्याने पळवली होती. कथा एवढीच. पण त्यातला तो भिक्षू रंगमंचावर येताना जे स्वगत बोलतो ते विसरता येत नाही. तथागताने आपल्याला चांगले विहार दिले, निजायला पलंग दिले, वेळेवर सुग्रास जेवण दिलं. एवढा दयाळू गुरू, मग त्याने स्त्री आणि मद्य यांची परवानगी दिली नसेल कशी? नक्कीच दिली असणार. या म्हाताऱ्या स्थविरांनी आम्हा तरुणांच्या मत्सरापोटी ती वाक्यं ग्रंथातून काढून टाकली. मूळ पोथी आता कुठे शोधावी? माणूस आपल्याला हवं ते धर्मग्रंथाच्या तोंडी कसं घालतो, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ते लिहिणारा राजा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

समर्थांची वाट निराळी. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. 'आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख.' इथे कुणाला बोलू दिलेलं नाही, एकामागून एक लक्षण पुढे येतं आणि ऐकणाऱ्याला आपली पाळी कधी येते याची वाट बघावी लागते. मला हा समास आवडतो, पण त्यात मी लवकर सुरक्षित होतो. एखादं लक्षण आपलं नसलं की पुढच्या ओळीपर्यंत विश्रांती मिळते. स्वगतात ती मिळत नाही.

आता गडकऱ्यांकडे येतो. ठाण्यात राहणाऱ्याला त्यांच्याकडे यावंच लागतं. स्टेशनकडून तलावपाळीला आलं की मासुंद्याच्या काठावर राम गणेश गडकरी रंगायतन आहे, १९७८ पासून. शहरातल्या कितीतरी लोकांच्या दिवसभराच्या बोलण्यात 'गडकरीला भेटू', 'गडकरीच्या समोर', 'गडकरीवरून रिक्षा' असं हे नाव येतं. त्या नावाच्या माणसाने चौतिसाव्या वर्षी जग सोडण्याआधी काय लिहून ठेवलं, ते मात्र कॉलेजच्या मुलांना सांगावं लागतं. म्हणून आम्ही 'एकच प्याला' वाचायला घेतलं. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्यामागून.

त्यात तळीराम आहे आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आहे. दारूड्यांनी काढलेली रीतसर संस्था. त्या काळी समाजसुधारणेची, धर्माची, देशकार्याची जशी मंडळं निघत, त्यांच्याच थाटाची. मंडळात शास्त्रीही आहेत आणि खुदाबक्षही. भाषणं होतात, तत्त्वचर्चा होते, दारूचे फायदे एकेक करून सिद्ध होतात. तळीरामाची बुद्धी कुठेही कमी पडत नाही. प्रत्येक आक्षेपाला त्याच्याकडे उत्तर आहे आणि ते उत्तर चमकदार आहे. गडकऱ्यांनी आपली सगळी कोटीबाजी, शब्दांची सगळी श्रीमंती या माणसाला देऊन टाकली. सज्जन रामलालच्या वाट्याला उपदेश आला, तळीरामाच्या वाट्याला भाषा.

तो प्रवेश आमच्यातल्या एका गृहस्थांनी फार रंगवून वाचला. सगळे खळखळून हसत होते. बैठकीतल्या एक काकू हसत नव्हत्या. प्रवेश संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे सगळं मी ऐकलंय. अगदी असंच. उत्तर सापडायचं नाही मला." एवढंच. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आम्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी पुढे काही सांगितलंही नाही. पण त्यानंतर तळीरामाचं एकही वाक्य मला पूर्वीसारखं वाचता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की या रीतीचे ऐकणारे दोन असतात. एक, ज्याला तर्क मजेदार वाटतो. दुसरा, ज्याच्यावर तो तर्क घरात रोज चालवला गेला आहे. गडकऱ्यांना दोघेही एकाच थिएटरात बसलेले हवे होते. पहिल्याला हसवत हसवत ते त्या घरापर्यंत घेऊन जातात, जिथे दारूत बुडालेल्या सुधाकरची बायको सिंधू दळणं दळून पोट भरते आहे. तळीराम जितका हुशार, तितकी सिंधूची दशा जास्त जाळते. तळीराम मूर्ख दाखवला असता, तर एक हुशार वकील सुधाकर त्याच्यामागे गेला हे खरं वाटलं नसतं, आणि काकूंना उत्तर का सापडत नव्हतं हेही कुणाला समजलं नसतं.

गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे, आणि 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' हे महाराष्ट्रगीत लिहिणारेही. त्यांच्या 'चोरांचे संमेलन' या लेखात चोर संमेलन भरवतात आणि परिषदांच्या भाषेत आपल्या धंद्याच्या उन्नतीचा विचार करतात. मराठीतल्या विनोदी गद्याची ही पायवाट त्यांनीच पाडली. एकच माणूस महाराष्ट्राची थोरवी गातो आणि त्याच महाराष्ट्राच्या रूढींना, सोवळ्याओवळ्याला, पोकळ समारंभांना धारेवर धरतो, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. ज्याला घर आपलं वाटतं तोच गळकं छप्पर दाखवतो. ठाण्यालाही या परंपरेत जागा आहे. 'हिंदुपंच' हे उपहासाला वाहिलेलं पत्र एकेकाळी ठाण्यातूनच निघत होतं, आणि १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आजही इथे उभं आहे. जुनी पुस्तकं हवी असली की मी तिथे जातो.

रशियन लेखक गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक १८३६ सालचं. आपण ते पु. ल. देशपांड्यांच्या 'अंमलदार'मधून ओळखतो. एका गावाला कळतं की तपासणीसाठी वरून अधिकारी येतोय, आणि एका उडाणटप्पू मुसाफिराला सगळे तोच अधिकारी समजतात. नाटकात एकही सज्जन नाही. फसल्याचं कळल्यावर नगरप्रमुख प्रेक्षकांकडे वळून ओरडतो, की हसताय कशाला, स्वतःलाच हसताय. पहिल्या प्रयोगाला खुद्द झार निकोलस हजर होता. मला या नाटकाबद्दल एवढंच म्हणायचंय, की त्यातला प्रत्येक लाचखाऊ स्वतःची अडचण इतकी पटवून सांगतो, की क्षणभर आपणही मान हलवतो. ती हललेली मान हेच गोगोलचं यश.

स्विफ्टच्याच 'गलिव्हर'ला मुलांचं पुस्तक करून टाकलं गेलं याची मला फार हळहळ आहे. लिलिपुटचे बुटके लोक तेवढे राहिले. दुसऱ्या भागात गलिव्हर राक्षसी आकाराच्या माणसांच्या देशात जातो आणि तिथल्या राजाला खूश करायला बंदुकीच्या दारूची कृती देऊ करतो. एका गोळ्यात तटबंदी कशी कोसळते, माणसांच्या चिंधड्या कशा उडतात, हे तो अभिमानाने सांगतो. राजा हादरतो आणि म्हणतो, की जीव प्यारा असेल तर हे पुन्हा तोंडातून काढू नकोस. त्यावर गलिव्हर आपल्याला सांगतो, की बघा, हा राजा किती संकुचित विचारांचा. १७२६ साली छापलेलं हे पान. लहानपणी आपल्या हाती पडलेल्या संक्षिप्त प्रतींतून ते बहुधा गळलेलं असतं. आईबापांनी मूळ पान शोधून मुलांना वाचून दाखवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते कळतं. आमच्याकडच्या सातवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मग वेडा कोण, राजा की हा?"

या रीतीत एक मोठा धोकाही आहे. १७०२ साली इंग्रज लेखक डॅनियल डीफोने एक पत्रक काढलं. अधिकृत चर्चपेक्षा वेगळं मत असणाऱ्या पंथीयांचा कायमचा नायनाट करा, असं त्यात जहाल धर्माभिमान्याच्या आवाजात म्हटलं होतं. डीफो स्वतः त्या वेगळ्या मताच्या लोकांपैकीच. पण आवाज इतका हुबेहूब साधला होता, की जहालांनी त्याला खरं मानून माना डोलावल्या आणि ज्यांच्या बाजूने ते लिहिलं होतं ते भयभीत झाले. खरं उघड झाल्यावर दोन्हीकडचा राग डीफोवर आला. १७०३ मध्ये त्याला तुरुंगवास झाला आणि भर चौकात खोड्यात उभं केलं गेलं.

डीफोची ही गोष्ट मला आज अधिक जवळची वाटते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बघतो, एखादं उपरोधाने लिहिलेलं टिपण लेखकाच्या नावाशिवाय, मागचं-पुढचं गाळून फिरतं आणि लोक त्याला खरी मागणी समजून अंगठे देतात. वाचणाऱ्यांना यात दोष देऊन भागणार नाही. माणसं उघडपणे जे बोलू लागली आहेत, ते उपरोधाच्या पुढे गेलेलं असेल, तर वाचणाऱ्याने फरक कशावरून ओळखावा? स्विफ्टच्या वाचकाला मुलं खायची नसतात एवढी तरी खात्री होती. ऐकणारा आणि सांगणारा यांच्यात अशी एक तरी गोष्ट सामाईक लागते, जिच्या पलीकडे कुणी जाणार नाही हे दोघांना ठाऊक असतं. उपरोध उभा राहतो तो तिच्यावर. म्हणून मोठ्याने, एकत्र बसून वाचण्याचा मी इतका आग्रह धरतो. समोरच्याचा चेहरा दिसतो. कोण हसलं, कोण हसलं नाही, ते कळतं.

आणि जे हसत नाहीत त्यांच्यामुळे आणखी एका गोष्टीकडे बघावं लागतं. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने ठकीच्या लग्नाचे लेख लिहिले. लग्नाचा बाजार, वरपक्षाचा तोरा, मुलीच्या बापाची वणवण, सगळं त्यात आहे, आणि भाषा अशी की आजही ताजी वाटते. पण वाचता वाचता आमच्या बैठकीतल्या मुली अस्वस्थ झाल्या. ठकीच्या रूपावर पानंच्या पानं विनोद आहेत. त्या पानांवर ठकी स्वतः काय म्हणते? तिला काय वाटतं? तिच्या वाट्याला फक्त वर्णन आलंय. ज्याच्यावर वार करायचा त्याला बोलू द्यायचं, ही रीत इथे उलटली. बाजार दोषी आहे, तो बोलतोही आहे. पण घाव बसतो तो गप्प उभ्या असलेल्या मुलीवर. गडकऱ्यांवर माझं जीवापाड प्रेम आहे आणि तरीही मी त्या मुलींच्या बाजूने आहे. सिंधूचं दुःख ज्याने लिहिलं त्याला ठकीचं दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्या लेखांत त्याने तिकडे पाहिलं नाही, एवढं खरं.

देवलांच्या 'शारदे'त, १८९९ साली, पारडं बरोबर आहे. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' या पदात सगळा घाव पंचाहत्तरीच्या नवरदेवावर आहे, आणि ज्या मुलीला विकायला काढलंय ती शारदा स्वतः बोलते, रडते, गाते.

मला मात्र सर्वात जास्त ओढ वाटते ती त्याच्याही आधीच्या एका नाटकाची. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. ते त्यांनी मराठी ग्रंथांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं होतं, कमिटीने ते स्वीकारलं नाही. एक जोशी एका कुणब्याच्या घरी येतो. बायको गरोदर आहे. ग्रहांची भीती घालून, पोटातल्या बाळाची काळजी दाखवून तो त्या जोडप्याला शांतीच्या, ब्राह्मणभोजनाच्या खर्चात उतरवतो. जोशी धमकी देत नाही. तो गोड बोलतो, आशीर्वाद देतो, त्यांच्या भल्यासाठी वेळ काढून आलोय असं भासवतो. स्विफ्टचा तो सभ्य हिशेबी गृहस्थ आणि हा जोशी एकमेकांना सहज ओळखतील. फुल्यांनी नाटकात एक विदूषकही ठेवला आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा सोबती असायचा. फुल्यांचा विदूषक कुणब्याच्या बाजूला उभा राहून जोशाच्या बोलण्याचा एकेक पदर सोडवून दाखवतो.

आणि ज्यांना लुबाडलं ते गप्प राहत नाहीत. नवरा-बायको दोघं बोलतात, शंका घेतात, आपण कसे फसलो ते समजून घेतात आणि शेवटी जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. दोघंही. नाथांनी भारुडातल्या बाईचा हात धरला होता. इथे त्या बाईच्या हातात पाटी येते.

हे नाटक तलावपाळीच्या त्या रंगमंचावर पूर्ण ताकदीने झालेलं मला बघायचंय. कुणी करायला घेतलं तर माझी एकच मागणी आहे. जोशाचं काम चांगल्यात चांगल्या नटाला द्या आणि त्याला विनोदी करू नका. शेंडी हलवणं नको, डोळे फिरवणं नको, पोट सुटलेलं दाखवणं नको. त्याला स्वच्छ कपडे द्या, मऊ आवाज द्या, आणि त्याने त्या गरोदर बाईची चौकशी अगदी मनापासून करावी, इतकी की पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना त्याचं म्हणणं पटलं पाहिजे.